पुस्तक कुणाच्या हाती

पहिल्या चाचणीत आत्याला पुतणीपेक्षा जास्त गुण मिळाले. अभ्यासाचा सगळा वेळ पुस्तक पुतणीच्या हातात होते. आत्याने ते एकदाही उघडले नव्हते.

मास्तरांनी दोन्ही उत्तरपत्रिका ओसरीवरच्या खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा पुसला आणि बेरीज पुन्हा केली. बेरीज तीच आली. मग त्यांनी शाळेत मुलांकडे बघत तसे आत्याकडे बघितले.

"खरं सांगा, बघून लिहिलंत?"

"कुणाचं बघून?" आत्या म्हणाली.

"हिचं. शेजारीच बसला होतात."

"मास्तर, तिला कमी आणि मला जास्त. तिचं बघून लिहिलं असतं तर जास्तीचे आले कुठून? वाटेत पिकले?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसला. युक्तिवादात दोष सापडेना, आणि दोष सापडला नाही की ते वाद घालत नसत. त्यांचा तेवढा गुण सगळ्यांना मान्य होता.

पुतणीला घरात भिंगी म्हणत. हे नाव तिला चष्मा लागण्याच्या आधीपासून होते. लहानपणी ती पानावरची कीड बघायला लागली की डोळा पानाला टेकवून बसे आणि जेवायला हाका मारल्या तरी हलत नसे. आता ती उत्तरपत्रिका तशीच बघत होती. चुका अवघड प्रश्नांत नव्हत्या. जे प्रश्न तिला 'हे तर येतं' असे वाटले होते, नेमके तेच अर्धवट लिहिले गेले होते.

घर रोपवाटिकेचे होते. मागे हिरव्या जाळीचे छत, त्याखाली पिशव्यांत लावलेली रोपे, एका कडेला मातीचा ढीग आणि मधोमध कलमे बांधायचे लांब बाकडे. गावातल्या शाळेत अकरावी-बारावीचा विज्ञानाचा वर्ग मुले कमी म्हणून बंद झाला होता. शिकायचे तर शहरात राहायचे, नाहीतर घरी स्वतः अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसायचे. भिंगीला पुढे वनस्पतिशास्त्र शिकायचे होते. शहरात राहण्याजोगी घराची स्थिती नव्हती. तेव्हा दुसरा मार्ग धरला गेला. बाहेरून बसणाऱ्यांच्या तीन चाचण्या घ्याव्यात असे शाळेने मास्तरांना सांगितले होते; तिसरीत जो उत्तीर्ण होईल त्यालाच परीक्षेला बसता येणार होते. बाबांनीही आपले ठरवून टाकले होते. तिसरी चाचणी निघाली तर शिकावे, नाही निघाली तर पुढच्या हंगामापासून सुरी हातात घेऊन बाकड्यावर बसावे. त्यात रागाचा किंवा धमकीचा भाग नव्हता. बाकड्याला माणूस हवे होते.

आत्या यात आली ती बोलण्याच्या भरात. तिने दहावी झाल्यावर शाळा सोडली होती, कारण तेव्हाही बाकड्याला माणूस हवे होते. "एकटीनं अभ्यास होत नाही," ती म्हणाली, "मी बसते हिच्याबरोबर." सगळे हसले. भिंगीची आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही बसाल, पण परीक्षा उभी राहील का तुमच्यासमोर?" त्यावर आत्याने खरोखरच नाव नोंदवले. तेव्हापासून घरातले हसणे थोडे जपून होऊ लागले.

त्या वर्षी वारे सुटले ते थांबेना. कोरडे, भट्टीचे दार उघडल्यासारखे वारे. नव्या बांधलेल्या कलमांच्या काड्या सकाळी ताठ असत आणि दुपारी मान टाकत. एका फळबागवाल्याची मोठी मागणी अंगावर होती आणि मदतीची माणसे वीटभट्टीकडे गेली होती. बाबा वाऱ्याच्या बाजूला पोती टांगत आणि झारीने भिजवत. शेवटच्या पोत्यापर्यंत पोचेपर्यंत पहिले वाळलेले असे. आई पिशव्या भरत होती. तिच्या बोटांची पेरे मातीने फाटली होती. मीठ हातात घेताना ती तोंड वाकडे करी. आत्या बाकड्यावर बसून कलमे बांधत होती. खुंटाचा, म्हणजे मुळे असलेल्या रोपाचा, शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची, पट्टी गुंडाळायची. मान खाली, खांदे पुढे, पाय बाकड्याखाली मुडपलेले. उठताना ती दोन्ही हातांनी गुडघे धरून म्हणे, "चला रे बाबांनो, घरी जायचंय."

भिंगीच्या अंगठ्याला हंगामाच्या सुरुवातीलाच सुरी लागली होती. उघडी जखम असलेल्याने बाकड्यावर बसायचे नाही, असा घरचा नियम होता, कारण चीक जखमेत गेला की हात सुजतो. दुसरा नियम असा, की चिकाचा हात पुस्तकाला लावायचा नाही, कारण पाने चिकटतात आणि डाग काळा पडतो. दोन्ही नियम रास्त होते. या दोन रास्त नियमांनी मिळून असे ठरवले, की पुस्तक भिंगीने धरायचे आणि वाचायचे, आणि आत्याने ऐकायचे.

"विचार," आत्या म्हणे.

"परासरण म्हणजे काय?"

"थांब, सांगू नकोस. पाणी... पातळाकडून घट्टाकडं जातं. मध्ये काहीतरी असतं. कातडं."

"कातडं नाही, आत्या, अर्ध—"

"सांगू नकोस म्हटलं ना! जीभ आवर." सुरी थांबे. आत्या छताकडे बघे. "पडदा. अर्धपार्य पडदा."

"पटल."

"तेच. पडदा काय, पटल काय, पाण्याला कळतंय का?"

"तपासणाऱ्याला कळतं."

"मग पटल. पुढं."

असे दिवस चालले. आत्या चुकत होती, चिडत होती, एकेका उत्तरासाठी एक अख्खे कलम बांधून होईपर्यंत वेळ घेत होती. भिंगीची नजर उत्तरावर असे आणि तिला मनात वाटे, हे मला येते.

पहिल्या चाचणीचा निकाल ऐकून बाबांनी एकच निदान केले. "पुस्तक हलकं आहे."

दुसऱ्या दिवशी कलमांची खेप पोचवायला छोटा टेम्पो शहरात जाणार होता. त्यात रोपांच्या मध्ये बसून भिंगी, आत्या आणि बाबा पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकान अरुंद होते. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तके होती आणि मधून दुकानदार शिडीवरून ये-जा करत होता. एकेका विषयाची इतकी पुस्तके असतात हे आत्याला माहीत नव्हते.

"सगळ्यांत तेच आहे ना?" तिने विचारले.

"तेच आहे," दुकानदार म्हणाला, "पण वेगळं आहे."

"म्हणजे आमच्या रोपांसारखंच. सगळे सांगतात आमचं वेगळं."

भिंगीने एक चाळणी ठरवली होती. तिला न समजलेला एक धडा घ्यायचा आणि तोच प्रत्येक पुस्तकात वाचून बघायचा. ती शिडीखाली उकिडवी बसून एकेक पुस्तक उघडू लागली. एकात व्याख्या होती आणि उदाहरण नव्हते. एकात उदाहरण होते, पण ते सोडवताना मधली पायरी गाळलेली होती. एकात इतके रंग होते की काय महत्त्वाचे ते रंगावरून कळेना. तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाशी ती पोचली असेल, तेवढ्यात बाबांची निवड झालीसुद्धा.

बाबांनी पुस्तक रोप निवडतात तसे निवडले होते. आधी बुंधा बघितला, म्हणजे पाठ किती जाड ते. मग मूळ बघितले, म्हणजे शिवण दोन बोटांनी ताणून. मग उचलून वजन घेतले. "हे," ते म्हणाले. "हे जगेल."

ते पुस्तक उशीएवढे होते. प्रत्येक प्रश्नाखाली त्याचे सबंध उत्तर पायरी-पायरीने सोडवून दिलेले होते.

"यात सगळं आहे," दुकानदार म्हणाला. "मुलाला डोकं चालवायची गरजच पडत नाही."

हे वाक्य त्याने कौतुकाने उच्चारले आणि तिघांनीही कौतुकानेच ऐकले. भिंगीला तिच्या चाळणीतून बघायचे होते, पण टेम्पोवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता. तिने तो न समजलेला धडा उभ्या उभ्या वाचला. सगळे समजले. इतके स्वच्छ समजले की तिला आधीच्या पुस्तकाची कीव आली.

जाड पुस्तकाने अभ्यास फार सुखाचा झाला. भिंगी प्रश्न वाचून आत्याला विचारी, आत्या छताकडे बघे, आणि तोवर भिंगी खालचे उत्तर वाचून मनात मान डोलावी. दुपारी आत्या कलमांना पाणी मारायला गेली की भिंगी एकटीही वाचे. पाने भराभर उलटत. आई म्हणाली, "बरं झालं बाई, पोरगी आता अडत नाही." मागच्या पुस्तकाला ती अडायची, पेन चावायची, कधी रडकुंडीला यायची. आता तसे काही राहिले नव्हते.

दुसरी चाचणी मास्तरांनी खबरदारीने घेतली. भिंगीला ओसरीवर बसवले आणि आत्याला मागे मातीच्या ढिगाशेजारी पालथ्या घातलेल्या पाटीवर. मध्ये अख्खे घर होते. मास्तर दोघींमध्ये फेऱ्या मारत राहिले आणि घामाने भिजले.

तपासून झाल्यावर त्यांनी आधी पाणी मागितले.

"काय झालं?" बाबांनी विचारले.

"ताई वर गेल्या."

"आणि ही?"

मास्तरांनी भिंगीकडे बघितले आणि नजर तांब्याकडे वळवली. "ही खाली आली."

वाऱ्याने पोते भिंतीवर आपटत होते. भिंगी उठून आत गेली आणि चष्मा काढून तोंडावर पाणी मारत राहिली. बाकड्यावर बसण्यात वाईट काही नव्हते. आत्याने आयुष्य तिथेच काढले होते. पण आत्याला कुणी विचारले नव्हते, आणि भिंगीला विचारले गेले होते. विचारल्यानंतर उत्तर न येणे ही गोष्ट निराळी होती.

आत्या मागून आली. तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता. "मी नाही बसत तिसरीला," ती म्हणाली. "माझी दृष्ट लागली तुला."

"दृष्ट म्हणजे काय, आत्या?"

"म्हणजे... लागते ती."

"कशी लागते? मोजता येते?"

"आली का भिंगी जागेवर," आत्या म्हणाली आणि तिला हायसे वाटले.

संध्याकाळी कारणांची चर्चा झाली. आईचे म्हणणे पडले की चष्म्याचा नंबर बदलला असेल. आत्या म्हणाली, वय झाले की डोके मुरते. मास्तर चहा पिऊन निघाले होते. ते दारातून म्हणाले की नमुना फक्त दोन जणींचा आहे, त्यावरून काहीच म्हणता येत नाही. बाबा मात्र रोपांकडे बघत होते.

"पुस्तक एक," ते एकेक बोट दुमडत म्हणाले. "वेळ एक. जेवण एक. म्हणजे माती एक, पाणी एक, खत एक. आणि एक रोप वर, एक खाली. अशा वेळी आपण काय करतो?"

भिंगीला ते माहीत होते. एखादी रांग खुरटली की बाबा तिला औषध मारत नसत. खुरटलेल्या पिशव्या उचलून तरारलेल्यांच्या जागी ठेवत आणि तरारलेल्या खुरटलेल्यांच्या जागी, आणि काही दिवस वाट बघत. रोप सुधारले तर दोष जागेचा. नाही सुधारले तर दोष रोपाचा. इतर रोपवाटिकावाले याला हसत, कारण पिशव्या उचलण्यात अख्खा दिवस जाई आणि कंबरही.

"जागा बदलून बघतो," भिंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने जागा बदलल्या, आणि अगदी शब्दशः बदलल्या. आत्या जाळीखाली सावलीत बसत असे आणि भिंगी कडेला उन्हाच्या पट्ट्यात. भिंगी सावलीत बसली, आत्या पट्ट्यात. आत्याने दिवसभर वाऱ्याच्या नावाने बोटे मोडली, तिच्या काड्या सुकल्या आणि बाबांनी डोळे वटारले. संध्याकाळी दोघींनी पुस्तक न बघता दहा-बारा प्रश्नांची उत्तरे लिहिली. फरक पडला नाही. आत्या पुढे, ती मागे.

"मग रोपच खुरटं," भिंगी म्हणाली. तिने ते हसून म्हटले, पण हसू नीट बसले नाही.

आत्याने हातातला खुंट खाली ठेवला. "अगं, जागा म्हणजे काय बूड टेकायची जागा? मी काय करते आणि तू काय करतेस, ती खरी जागा. तुझा अंगठा बघू."

अंगठा भरून आला होता. नवी गुलाबी कातडी होती.

"बस इथं. घे सुरी. मी धरते पुस्तक."

"तुझ्या हाताला चीक आहे."

"राखेनं घासते. चल."

आत्याने हात राखेने घासले, मग साबणाने, मग पुन्हा राखेने, पदराला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतले. इतक्या दिवसांत तिने ते पहिल्यांदाच उघडले. "अगंबाई," ती म्हणाली, "खाली उत्तर लिहिलेलं असतं होय?"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं तुला येतंय, म्हणून तू मला टोकतेस."

भिंगीने खुंट छाटला. चीर दिली. बऱ्याच दिवसांनी सुरी हातात घेतल्याने बोटे अवघडली होती. आत्याने एक प्रश्न निवडला. तो भिंगीने त्याच आठवड्यात आत्याला अनेकदा वाचून दाखवला होता.

"उत्प्रेरकानं अभिक्रियेचा वेग कसा वाढतो?"

भिंगीने तोंड उघडले. तिला पान दिसले. डावीकडचे पान, खालचा भाग, शेजारी शाईचा डाग. उत्तर किती ओळींचे होते तेही दिसले. त्या ओळींत काय लिहिले होते ते दिसेना.

"ऊर्जा..." ती म्हणाली.

"कसली?"

"सांगू नकोस!"

आत्या आधी चकित झाली, मग पोट धरून हसू लागली. पिशव्या भरणारी आई धावत आली. "काय झालं?"

"वहिनी, ही माझं वाक्य बोलली! आता तिला समजलं मी का ओरडायचे ते. अगं पोरी, तूच मला सांगितलंस हे उत्तर! चारदा!"

"मी सांगितलं नाही, वाचून दाखवलं," भिंगी म्हणाली आणि स्वतःच थांबली. काडी तिच्या चिमटीत अर्धवट तासलेली राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सक्रियण ऊर्जा. ती कमी होते." तिच्या कपाळावर घाम होता, आणि तो सगळाच वाऱ्याचा नव्हता.

पुढचे काही दिवस भिंगी कलमे बांधत होती आणि आत्या वाचत होती. अभ्यासाचा वेग मेला. जिथे पूर्वी धडा व्हायचा तिथे आता पान होईना. भिंगी अडायची, चिडायची, पाचरा वाकड्या तासायची. बाबा येऊन तिची कलमे हलक्या हाताने ओढून बघत आणि चार-पाच बाजूला काढत. "ही तुझी रसायनशास्त्राची," ते म्हणत. आत्या मात्र मजेत होती. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर वाचून ती मान डोलवी आणि म्हणे, "हो की, हे येतं मला."

ते वाक्य भिंगीने ओळखले.

आठवड्याच्या शेवटी तिने पुन्हा न बघता दोघींना लिहायला लावले. जे धडे उलट पद्धतीने झाले होते त्यांत भिंगी पुढे होती आणि आत्या घसरली होती.

"म्हणजे सुरीच खरी!" बाबा म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला. "हात चालला की डोकं चालतं. मी सांगतच होतो."

"कधी सांगत होतात?" आईने विचारले.

"मनात."

आत्याचाही ऊर भरून आला. सुरीने विज्ञान येते ही कल्पना तिला फारच पटली. पण भिंगी चष्मा पुसत होती.

"सुरी असेलही," ती म्हणाली. "पण सुरी हातात होती तेव्हा आणखी एक गोष्ट झाली होती. पुस्तक हातात नव्हतं. दोनांपैकी कशामुळं, ते कसं कळणार?"

"आता काय, पुन्हा पिशव्या उचलायच्या?" बाबा म्हणाले.

पुन्हा उचलायच्याच होत्या. या वेळी वाचायला आई बसली, कारण तिला परीक्षेशी काही देणेघेणे नव्हते. आत्या आणि भिंगी दोघी ओसरीवर नुसत्या बसल्या, हात मांडीवर ठेवून, सुरी नाही आणि पुस्तकही नाही. हात रिकामे ठेवून बसणे आत्याला इतके अवघड गेले की तिने शेवटी पदराचे टोक पिळायला घेतले. आई अडखळत वाचत होती. शास्त्रीय शब्द आले की ती कुंपणावरून उडी मारावी तशी मारून पुढे जाई.

"वहिनी, तो शब्द काय होता?"

"मला काय माहीत वन्सं, लांब होता."

तरी प्रश्न समजत होते, आणि उत्तर दोघींना स्वतःच्या डोक्यातून काढावे लागत होते. नाही निघाले तरच आई ते वाचून दाखवी. आठवड्याने दोघींनी लिहिले. दोघीही वर आल्या.

"सुरी नाही," भिंगी म्हणाली.

बाबांचे तोंड उतरले. आत्या म्हणाली, "थोडी तरी असेल गं."

"थोडीही नाही. दिसली तर सांगेन."

मग शहरात पुन्हा एक खेप जायची होती. भिंगीने जाड पुस्तक बरोबर घेतले. दुकानदाराला वाटले, पाने निसटली असतील.

"पुस्तक चांगलं आहे," भिंगी म्हणाली. "समजून घ्यायला फार चांगलं. पण सरावाला दुसरं हवंय. ज्यात प्रश्न एका जागी असतील आणि उत्तरं लांब."

"लांब?"

"शक्य तेवढी लांब."

"लोक उत्तरं जवळ मागतात," दुकानदार म्हणाला. "कुणी लांब मागितली नाहीत कधी."

"वेगळ्या पुस्तकात असली तर आणखी बरं," आत्या म्हणाली. "आणि ते पुस्तक वहिनीच्या पेटीत."

दुकानदार शिडीवर चढला आणि सगळ्यात वरच्या, धूळ बसलेल्या कप्प्यातून त्याने एक पातळ पुस्तक काढले. त्यात मागच्या परीक्षांचे नुसते प्रश्न होते. पाठ बोटाएवढीही नव्हती. बाबांनी ते उचलून वजन घेतले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख उमटले.

"हे रोप मी फेकून दिलं असतं," ते म्हणाले. पण तेच घेतले.

त्यानंतर घरात पद्धत बसली. नवा धडा दोघी जाड पुस्तकातून एकदा नीट वाचून समजून घेत. मग ते मिटून आईच्या पेटीत जाई, आणि पातळ पुस्तकातला प्रश्न जो मोकळ्या हाताचा असेल तो विचारी. बाबासुद्धा झारी घेऊन जाता जाता विचारू लागले. त्यांना उत्तर बरोबर की चूक हे कळत नसे, ते फक्त उत्तर देणारीच्या चेहऱ्याकडे बघत आणि म्हणत, "ही पक्की नाही, पुन्हा विचारा." बहुतेक वेळा ते खरे निघे. वारे पडले. पोती वाळायची थांबली, काड्यांना कोंब फुटले. ज्या दिवशी पहिल्या कलमांवर तांबूस पाने दिसली त्या दिवशी आत्याने बाकड्यावर बसल्या बसल्या गतीचे एक उदाहरण तोंडी सोडवले, आणि उत्तराचे एकक विसरल्याबद्दल भिंगीने तिला पुन्हा सोडवायला लावले.

"तुझ्यापेक्षा मास्तर बरे," आत्या म्हणाली.

तिसरी चाचणी मास्तरांनी शाळेत घेतली. निकाल ऐकायला सगळे घर शाळेच्या पायऱ्यांवर गेले; आईच्या हाताला माती तशीच होती. मास्तर वर्गातून बाहेर आले. त्यांनी बेरीज आज तीनदा केली असावी.

"दोघी उत्तीर्ण," ते म्हणाले.

आईने मातीच्या हातांनीच भिंगीचे तोंड धरले आणि तिच्या दोन्ही गालांवर बोटे उमटली. बाबांनी आधी खाली बघितले, मग वर, मग मास्तरांचाच हात धरून जोरजोराने हलवला.

"आणि जास्त कुणाला?" आत्याने विचारले.

"पुतणीला. थोड्याने."

"थोड्याने म्हणजे किती? पुन्हा तपासा. माझं कुठंतरी अर्धं राहिलं असेल."

"ताई, सगळं तपासलंय."

"पटल लिहिलंय हो मी, पडदा नाही!"

"त्याचे दिलेत."

आत्याने भिंगीला जवळ ओढले आणि पाठीत एक चांगली सणसणीत दिली. "माझ्या पुढं जातेस काय? परीक्षेत बघते तुला." मग तीच तिला धरून रडू लागली, आणि रडता रडता हसूही लागली. शाळेच्या आवारातली कोंबडी घाबरून बाजूला पळाली.

मास्तरांना मात्र चैन पडेना. ते भिंगीला बाजूला घेऊन म्हणाले, "ते पहिल्या चाचणीचं कोडं सुटलं का? ताईंनी शिकवणी लावली असं मी समजत होतो."

"सुटलं बहुतेक. पण आमच्या एकाच घरात करून बघितलंय, सर. आणखी कुठं तरी बघायला हवं."

"काय होतं?"

भिंगीने चष्म्यावरची माती बाहीने पुसली आणि सांगितले.

बुद्धीचा फरक नव्हता. वय, जागा, चष्मा, सुरी आणि पुस्तकाची जाडी यांचाही संबंध नव्हता. विचारताना उत्तर भिंगीच्या डोळ्यांसमोर असे, म्हणून तिला ते ओळखीचे वाटे आणि आठवावे लागत नसे. आत्याला पान दिसत नव्हते, म्हणून तिला प्रत्येक उत्तर आठवावे लागे. परीक्षेत पान दिसत नाही.